वॉटर पंप गळला, दोष सायलेन्सरला : वॉरंटी क्लेम नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वॉरंटी व ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉटर पंपाचा वॉरंटी क्लेम चुकीच्या कारणाने नाकारल्याबाबत व गाडीच्या नोंदीतील "वॉरंटी रद्द" हा शेरा काढण्याबाबत.

महोदय,

गाडी ३१,४०० कि.मी. चालली आहे आणि वॉरंटी संपायला अजून चौदा महिने आहेत. वॉटर पंपातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळू लागल्यावर आपल्या सर्व्हिस सेंटरने तो वॉरंटीत बदलून द्यायला नकार दिला. लेखी कारण एका ओळीचे : "वाहनात बाहेरील परफॉर्मन्स पार्ट आढळल्याने वॉरंटी लागू नाही." कोणत्या पार्टमुळे पंप कसा बिघडला, हे त्या ओळीत नाही आणि काउंटरवर विचारूनही समजले नाही. वर गाडीच्या नोंदीत "वॉरंटी रद्द" असा शेरा मारला आहे. म्हणजे उद्या मागच्या दाराची काच अडकली तरी जबाबदार मी बसवलेला बाहेरचा सायलेन्सरच.

आपली वॉरंटी पुस्तिका असे म्हणत नाही. तिच्यातले शब्द आहेत "फेरबदलामुळे झालेला बिघाड". फेरबदल केलेल्या गाडीत झालेला प्रत्येक बिघाड असा त्याचा अर्थ होत नाही. सगळा वाद त्या "मुळे"चा आहे, आणि तो सिद्ध करायचे काम नकार देणाऱ्याचे आहे.

गाडीत बाहेरचे पार्ट दोनच आहेत. दोन्ही २२,१५० कि.मी.ला बसवले असून पावत्या सोबत जोडल्या आहेत.

पहिला, एअर फिल्टर. कंपनीचा मूळ फिल्टर बॉक्स, पाइप आणि हवा मोजणारा मॅफ सेन्सर जागचे हललेले नाहीत. आतला चौकोनी फिल्टर तेवढा बदलला आहे. तोही तेल न लावता वापरायचा कोरडा फिल्टर मुद्दाम निवडला. तेलाच्या फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त झाले की ते हवेबरोबर सुटून मॅफ सेन्सरच्या तारेवर बसते, सेन्सर हवा कमी मोजतो आणि हवा-इंधनाचे मिश्रण पातळ होते. तसे झाले असते तर फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे मिश्रण सावरायला गाडीचा संगणक इंधन किती कमी-जास्त करतो त्या आकड्यात, दिसले असते. आपल्याच स्कॅनरच्या प्रिंटवर लाँग टर्म ट्रिम अधिक २ ते अधिक ३ टक्के आहे. यात काही वावगे नाही.

दुसरा, मागचा सायलेन्सर. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नंतरच्या जोडापासून मागच्या टोकापर्यंतचाच पाइप बदलला आहे. कन्व्हर्टर मूळचा आहे, त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ऑक्सिजन सेन्सरही मूळचे आहेत. जोडावर नवे गॅस्केट घातले आहे, चारही रबरी हँगर जागेवर आहेत, उष्णतारोधक पत्रे काढलेले नाहीत. पाइप आणि बॉडी यांत सगळीकडे बोट सहज फिरते, त्यामुळे कुठे घासण्याचा प्रश्न नाही. काढलेला मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर जपून ठेवले आहेत. हवे तर बसवून तपासणी करावी.

आता पंप. गळती होजमधून नाही, रेडिएटरच्या झाकणातून नाही, हेड गॅस्केटमधूनही नाही. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूने एक बारीक छिद्र असते, मेकॅनिक त्याला वीप होल म्हणतात. आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये जाण्याआधी तिथून बाहेर यावे, यासाठीच ते ठेवलेले असते. फोटो क्र. ३ मध्ये त्या छिद्राखाली वाळलेल्या कूलंटची गुलाबी-पांढरी खपली आणि खाली उतरलेला ओघळ स्पष्ट दिसतो. बेल्ट काढून पुली हाताने वर-खाली केली तर खुळखुळा जाणवतो, म्हणजे बेअरिंगही सैल आहे. हलणाऱ्या शाफ्टवर सील टिकत नाही. कूलंट आपल्याच कंपनीचे, आपल्याच सर्व्हिसमध्ये भरलेले. रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू उणे ३६ अंश, म्हणजे कूलंट आणि पाणी यांचे मिश्रण जवळपास निम्मे-निम्मे. चुकीचे किंवा नुसते पाणी भरल्याने सील गेले, असेही म्हणता येणार नाही.

सर्व्हिस मॅनेजरांचा तोंडी खुलासा असा : "पॉवर वाढली, इंजिन तापले, पंप गेला." हा पंप बेल्टवर चालतो. त्याचा वेग इंजिनाच्या आरपीएमवर ठरतो आणि आरपीएमची कमाल मर्यादा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरवतो. सायलेन्सर मोकळा केला म्हणून पंप कंपनीने आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त फिरू शकत नाही. इंजिन तापले म्हणावे, तर ईसीयूमध्ये अति-तापमानाचा पी०२१७ हा बिघाडाचा कोड नाही, दुसराही कोणता नाही. चालत्या गाडीत कूलंट ८८ ते ९७ अंशांच्या दरम्यान राहिल्याचे आपल्याच प्रिंटवर आहे. साप साप म्हणून भुई धोपटण्याआधी निदान हा कागद वाचायला हवा होता.

"रिमॅप करून काढून टाकला असेल" अशीही शंका काढली गेली, म्हणजे ईसीयूतला प्रोग्रॅम बदलून नंतर मूळचा परत घातला असेल. ही शंका हवेत ठेवण्याची गरज नाही, कारण ती तपासता येते. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या स्व-निदान यंत्रणेच्या, सर्व्हिस ०९ मध्ये कॅलिब्रेशन आयडी (प्रोग्रॅमची ओळख) आणि त्याचा पडताळणी क्रमांक मिळतो. दोन्ही आपल्या सर्व्हरवरच्या मूळ नोंदीशी जुळवावेत. ईसीयूत फ्लॅश काउंटर (प्रोग्रॅम किती वेळा चढवला ते मोजणारा) असेल तर तोही पाहावा. तिसरी गोष्ट, "कोड पुसल्यापासूनचे अंतर" प्रिंटवर ११,३८० कि.मी. आहे. म्हणजे कोड शेवटचे पुसले गेले ते २०,००० कि.मी.च्या आपल्याच सर्व्हिसमध्ये, पार्ट बसवण्याच्या आधी. नवा प्रोग्रॅम चढवून पुन्हा जुना घातला असता तर हा आकडा सहसा मधेच शून्यावर आला असता.

फेरबदल करणाऱ्याने काहीही करावे आणि कंपनीने भरत राहावे, असे म्हणणे नाही. रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवला आणि क्लच घसरू लागला किंवा पिस्टन गेला, तर नकार रास्त आहे. स्पेसर लावून चाके बाहेरच्या बाजूला सरकवली आणि व्हील बेअरिंग वाजू लागले, तरी रास्त. गाडी बुटकी करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगवर शॉक ॲब्झॉर्बर फुटला, कन्व्हर्टर काढून त्याजागी मोकळा डाउनपाइप घातला आणि कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड लागला, तेलाच्या फिल्टरने मॅफ सेन्सर खराब झाला, तर तिथेही ग्राहकाने गुमान पैसे भरावेत. या प्रत्येक ठिकाणी पार्टपासून बिघाडापर्यंतची साखळी दाखवता येते. गाडीच्या शेपटाकडचा सायलेन्सर आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पंपाचे सील यांच्यात अशी कोणती साखळी आहे, तेवढेच विचारले आहे. आपल्या ॲक्सेसरीच्या यादीतही स्पोर्ट सायलेन्सर आहे. तो बसवला असता तर हेच सील टिकले असते का?

मागण्या अशा :

पंप, गॅस्केट, कूलंट आणि मजुरी वॉरंटीत धरून काम करून द्यावे. पंप काढताना बेल्टवर कूलंट सांडल्याचे आढळले तर बेल्टही बदलावा, कारण भिजलेला बेल्ट घसरतो. "वॉरंटी रद्द" हा सरसकट शेरा काढावा. फार तर "एअर फिल्टर व मागचा सायलेन्सर बाहेरचा" एवढी वस्तुस्थिती नोंदवावी, त्याला हरकत नाही.

नकार कायम ठेवायचा असेल, तर बिघडलेला पार्ट, बिघाडाचे कारण आणि त्याचा या दोन पार्टशी असलेला तांत्रिक संबंध तपासणाऱ्या अभियंत्याच्या सहीने लेखी द्यावा. सोबत स्कॅनचा पूर्ण अहवालही द्यावा. उत्तर १५ दिवसांत मिळावे, अन्यथा हीच कागदपत्रे ग्राहक तक्रार यंत्रणेपुढे ठेवली जातील.

आणि एक तातडीचे : पंप काढल्यावर तो भंगारात टाकू नये. सील आणि बेअरिंग उघडून पाहायची असतील तर ती ग्राहकासमोर उघडावीत, तोवर पंप जॉबकार्डचा क्रमांक लावलेल्या पिशवीत सीलबंद ठेवावा.

आपला,
वाहनधारक

सोबत : जॉबकार्ड, नकाराचे पत्र, स्कॅनरचे प्रिंट, फोटो क्र. १ ते ६, दोन्ही पार्टच्या पावत्या, सर्व्हिसच्या नोंदी.