नव्या बोअरबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : बोअर मारताना भूजलाची तपासणी करून घेण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

'दोन इंची पाणी लागलं' एवढ्यावर पंप घेऊ नये, ही विनंती. कॉम्प्रेसरच्या जोराने उसळणारं पाणी बरंचसं भेगांत आधीच साठलेलं असतं. रोज तेवढं मिळेलच असं नाही.

खोदाईत दर 3 मीटरला निघणारा चुरा चाळणीत धुऊन, खोली लिहिलेल्या पिशवीत ठेवायला सांगावा. खड्याच्या एखाद्या बाजूवर गंजासारखा तांबूस थर दिसला, तर त्या भेगेतून पाणी वाहतं किंवा कधीतरी वाहिलेलं आहे. सगळे खडे धारदार, ताज्या फोडीचे असले तर दगड बहुधा अखंड. एक फसगत नेहमीची: झरा बारीक असला की ओला चुरा बोअरच्या भिंतीला लिंपून बसतो, झरा झाकला जातो आणि नोंद होते 'कोरडं'. चुरा दमट येऊ लागताच पाणी सोडून बोअर धुऊन घ्यावं.

केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप) कठीण दगडात किमान अर्धा मीटर रुतवून बाहेरची फट सिमेंटने भरावी. नाहीतर वरचं सांडपाणी थेट खाली.

मग भाड्याच्या पंपाने 24 तास एकसारखा उपसा. 200 लिटरचं पिंप 50 सेकंदांत भरलं, तर सेकंदाला 4 लिटर. हे दर अर्ध्या तासाला तपासावं. बोअरमधल्या पाण्याची पातळी पहिली 10 मिनिटं दर मिनिटाला, पुढे अंतर वाढवत मोजावी. पातळी मोजायच्या तारेला (टोक पाण्याला लागताच तिचा मीटर वाजतो) वेगळा बारीक पाइप हवा, नाहीतर वरून ठिबकणाऱ्या पाण्याने मीटर उगाच वाजतो. उपसलेलं पाणी लांब सोडावं. बागेत सोडलं तर तेच मुरून परत येतं आणि बोअर आहे त्याहून दमदार भासतं. वीज गेली तर पातळी पूर्ववत होऊ देऊन पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या बोअरची पातळीही तेव्हाच मोजावी. ती उतरली तर दोन्ही बोअर एकाच साठ्यावर आहेत. नव्याने पाणी वाढणार नाही, वाटणी तेवढी होईल. लॉग कागदावर (वेळेची आखणी पटीपटीने, 1, 10, 100 मिनिटं अशी असलेल्या आलेखावर) पातळीतल्या घटीची रेषा मध्येच जास्त उताराने मोडली, तर भेगांचं जाळं जवळच संपतं, आणि पंप लहानच घ्यावा. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात वर येते, तेही टिपावं.

ही कामं मशीन येण्याआधीच वर्कऑर्डरमध्ये लिहून घ्यावीत. चुरा एकदा ढिगात मिसळला की कुठला खडा किती खोलीचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आपले,
सोसायटीतील सभासद