पाळीतले लोह आणि चहाचा कप

महोदय,

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली गिळतात, पण ती कशासोबत घ्यायची हे त्यांना कुणी नीट सांगत नाही. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून रक्तात किती लोह जाऊ द्यायचे ते ठरवते. पाळीत रक्त गेले की हेप्सिडिन सहसा कमी होते आणि आतडे जास्त लोह शोषू लागते. शरीर स्वतःहून भरपाई करू पाहते, ही केवढी मोठी गोष्ट! आणि नेमके तेव्हाच आपण त्यावर चहा ओततो. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या बायकांचे तर भाकरी-भाजी आणि लगेच चहा हेच जेवण. पाळीच्या दिवसांत ‘आंबट नको’ म्हणून लिंबूही बंद! खरे तर लिंबू, पेरू, आवळ्यातले क जीवनसत्त्व भाजी-डाळीतले लोह शोषायला मदत करते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हा आकडा वाचून मला झोप लागत नाही.

जिल्हा परिषदेने गोळीसोबत एवढे तरी सांगावे: चहा जेवणानंतर तासाभराने, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि ताटात लिंबाची फोड. पाळी फार जात असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे. आशाताईंच्या बैठकीत हा विषय याच महिन्यात घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड