भांड्यावरचं नाव फोटोत दिसायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाचकांनी पाठवलेले फोटो येतात ते मी आधी बघते, बातम्या नंतर. पावसाळ्यात दुगारवाडीचा धबधबा, थंडीत नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुती. छानच असतात. पण घरातल्या साध्या वस्तूचा फोटो मी तरी त्यात कधी बघितला नाही आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय.

गेल्या वर्षी आमचा पंचवटीतला वाडा रिकामा करायचा होता, बिल्डरने तारीख दिलेली, दोन दिवसात सगळं आवरायचं, मग आजीचा तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, परात, सगळं मोडीत गेलं. देण्याआधी घाईघाईत मोबाईलवर एकेक फोटो काढून ठेवला. नंतर निवांत बघायला घेतले तर बंबावर फ्लॅशचा पांढरा गोळा, मागे निळी प्लास्टिकची बादली आणि दोरीवरचा टॉवेल, आणि परातीच्या काठावर आजीचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं होतं, लग्नाच्या सालासकट, ते फोटोत कुठे दिसतच नाही. परात आता वितळून गेली असणार. ते नाव पुन्हा वाचायला मिळणार नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

मागे राहिला तो एक पितळी तांब्या, त्याच्यावरही ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, त्याचे मी महिनाभर फोटो काढून बघितले. फ्लॅश समोरून पडतो त्यामुळे कोरलेल्या ठिपक्यात सावलीच पडत नाही, म्हणून अक्षरं गायब होतात. तोच तांब्या खिडकीपाशी नेला, जिथे थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर आहे, आणि हळूहळू फिरवत गेले तर एका ठिकाणी उजेड पितळेला घासून जायला लागला आणि एकेक ठिपका उठून दिसला, सौ. पासून सालापर्यंत सगळं वाचता आलं! घरातले दिवे तेवढ्यापुरते बंद करायचे, नाहीतर खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र होऊन रंग बिघडतो. अंधाऱ्या बाजूला एक पांढरा कार्डशीट उभा केला की सावली मऊ होते. घासलेलं पितळ म्हणजे आरसाच, समोर जे असेल ते त्यात दिसणार, म्हणून अंगावर गडद साधे कपडे घालून जरा बाजूला उभं राहायचं. आणि स्क्रीनवर वस्तूवर बोट ठेवलं की सूर्याची खूण येते, बऱ्याच फोनमध्ये ती थोडी खाली ओढता येते, त्याने चकाकी उतरते.

अजून एक, आपण फोन अगदी वस्तूच्या तोंडाशी नेतो त्यामुळे तांब्याचं पोट फुगतं आणि बूड बारीक दिसतं. दोन पावलं मागे जाऊन २एक्स झूम करून काढा, आकार जसा आहे तसा येतो. परात, ताट वरून चांगलं दिसतं, तांब्या, समई, बंब यांच्यासाठी गुडघ्यावर बसायला लागतं. स्क्रीनवर येणाऱ्या ग्रिडच्या आडव्या-उभ्या रेघा बघून फोटो काढा असं सगळे सांगतात, त्या उपयोगाच्या आहेतच, पण माझ्या मते त्याआधी मागचा पसारा हलवायला हवा. बादली काढा, टॉवेल काढा, कॅलेंडर काढा, आणि मग वस्तूच्या शेजारी थोडी मोकळी जागा राहू द्या.

साध्या वस्तूत काय बघायचं असं कोणी म्हणेल. आंद्रे केर्तेझ या फोटोग्राफरने १९२८ साली पॅरिसमध्ये ताटलीच्या कडेला टेकवलेला एक काटाचमचा आणि त्याची सावली, एवढाच फोटो काढला, तो आजही जगभर बघतात. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढली. लांब कशाला, आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके, त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून तो उगवताना रोज थोडा थोडा कॅमेऱ्यात घेतला आणि ती छोटीशी फिल्म दाखवून पुढच्या कामाला पैसा उभा केला. कुंडीतला वाटाणा हो! त्या माणसाच्या जिल्ह्यात आपण फक्त धबधब्यांचेच फोटो काढावेत का?

जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरतायत. जाती, पाटे, फडताळं, कडीकोयंडे, कल्हईची भांडी, कुणाच्या घरात ठेवायला जागा आहे? फ्लॅटमध्ये बंब कुठे ठेवणार, मला मान्य आहे. पण देण्याआधी दहा मिनिटं खिडकीपाशी नेऊन नीट एक फोटो काढता येतो.

म्हणून विनंती अशी की आठवड्यातून एकदा एका वस्तूच्या फोटोला जागा द्या. एकच वस्तू, फिल्टर नको, खाली दोन ओळी, ती कुणाची आणि कशासाठी वापरायचे. आणि रकान्यात बसवायला फोटो चौकोनी कापला जातो ते कृपया टाळा.

माझ्या तांब्याचा फोटो सोबत पाठवतेय. छापलात तर उजवीकडची मोकळी जागा कापू नका, त्याची सावली तिथेच पडलीय.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक