डबी खुळखुळू नये म्हणून : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

माझं औषधांचं दुकान आहे. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आलेलं माणूस मला न सांगता कळतं. दुकान रिकामं होईपर्यंत ते बाजूला उभं राहतं आणि मग हळूच म्हणतं, ‘डबीवरचं लेबल काढून द्याल का?’ आफ्रिकेतही लोक लेबलं खरवडतात. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून डबीत कापूस कोंबतात. त्या लेबलांवर पुष्कळदा भारतीय कंपनीचं नाव असतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

२००१ साली मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने एचआयव्हीवर एकत्र घ्यायच्या तीन औषधांचा एका रुग्णामागचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला. त्याआधी तो १०,००० डॉलरच्या वर होता. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. पण तिथल्या माणसांनी लाजेशी झुंज घेतली ती गोळी पोहोचण्याच्या कितीतरी आधी. युगांडात नोरीन कलीबा यांचे पती १९८७च्या जानेवारीत एड्सने गेले. त्याच वर्षी त्यांनी सोबत्यांना घेऊन ‘टासो’ ही संस्था काढली. हाताशी औषध नव्हतं, तरी आजाऱ्याच्या घरी जायचं, शेजारी बसायचं, शिवल्याने हा रोग होत नाही हे घरच्यांना पटवायचं. १९८९मध्ये फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं. शाळा-चर्चमधून बोलत फिरला आणि त्याच डिसेंबरात गेला.

बोलण्याची किंमत काही जणांनी जिवाने मोजली. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या क्वामाशूत गुगु द्लामिनी या बाईने १९९८मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचं उघड सांगितलं आणि वस्तीतल्याच जमावाने तिला मारून टाकलं. त्यानंतर ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या तिथल्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं ठळक छापलेले टी-शर्ट घातले. बाधा असलेल्यांनीही, नसलेल्यांनीही. २००२मध्ये केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीत खुद्द मंडेलांनी तो अंगात घातला.

केपटाऊनच्या ‘मदर्स टू मदर्स’ या संस्थेने तर एचआयव्ही असलेल्या आयांनाच पगार देऊन दवाखान्यात नेमलं. तपासणीचा निकाल हातात घेऊन थरथरणाऱ्या गरोदर बाईसमोर, स्वतःचं निरोगी मूल वाढवलेली बाई बसते. डॉक्टरने तासभर समजावूनही जे पटत नाही, ते तिच्याकडे नुसतं बघून पटतं.

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आफ्रिकेत असं काम करणाऱ्या कितीतरी जणांना घरी बसावं लागलं. आता वर्षातून दोनदा घ्यायचं एचआयव्ही-प्रतिबंधक इंजेक्शन हैदराबादच्या कंपन्या २०२७पासून वर्षाला ४० डॉलरला देणार आहेत. पण ते घ्यायला दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागणार, आणि त्या रांगेत ओळखीचे डोळे असणार.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. आफ्रिकेसाठीच्या आपल्या मदतीत या कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी वेगळी तरतूद करा. आणि ‘आयटेक’ या आपल्या सरकारच्या प्रशिक्षण योजनेतून आपण आफ्रिकेतल्या लोकांना शिकायला बोलावतो, तसं दवाखान्यात बसणाऱ्या या आयांना इथे शिकवायला बोलवा. आपल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांतल्या समुपदेशकांसमोर त्यांना महिनाभर बसू द्या. माझ्या दुकानात लेबल काढून मागणाऱ्यांनाही त्यांची गरज आहे.

आपला,
एक औषधविक्रेता