पार्सल उघडण्याआधी वाच

लेस्टर, ११ मे

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

पार्सल निघालंय. त्यात रुंद पायांच्या पॅन्टचं आणि होजिअरीच्या टॉपचं कागदी पॅटर्न आहे, शिवाय सुयांची दोन पाकिटं. ते हातात पडलं की तू लगेच रेयॉनला कात्री लावशील, म्हणून हे पत्र आधी.

पॅटर्नवरचा नंबर म्हणजे मेन रोडवरच्या कुर्तीचा साइझ नव्हे. पॅन्टचा नंबर सीटच्या (नितंबांच्या घेराच्या) मापावरून निवड; कंबर नंतर हवी तशी करता येते. शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, दीड सेंटिमीटर, जवळपास ५ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), पॅटर्नमध्येच धरलेली आहे. फक्त बाजूच्या शिवणीला आणि मागे कमरेच्या वर इंचभर जादा सोड.

सलवार छान जमते म्हणून पॅन्ट जमेलच असं नाही. सलवारीला इतका झोळ असतो की आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तो भाग, दोन इंच चुकलं तरी खपून जातं. ही पॅन्ट समोरून सपाट बसायची असते, त्यामुळे पाय कितीही रुंद असले तरी सगळा खेळ आसनाचा. ते दोन प्रकारे मोजायचं. कमरेला दोरी बांधून लाकडी खुर्चीवर ताठ बस आणि बाजूने दोरीपासून खुर्चीपर्यंत टेप लाव. आलेल्या मापात एक इंच मिळव. ही झाली आसनाची खोली. मग उभं राहून पुढच्या दोरीपासून पायांमधून मागच्या दोरीपर्यंत मोज. खोली सारखी असलेल्या दोघींची ही लांबी वेगळी असू शकते, कारण पोट आणि सीटची ठेवण वेगळी असते. पॅटर्नवर आसनाची आतल्या मांडीकडे जाणारी टोकंही तपास: पुढचं सीटच्या सोळाव्या भागाइतकं, मागचं आठव्या. सीट ४० असेल तर अडीच आणि पाच. पुढचं-मागचं सारखं कापलं की पॅन्ट मागून आत ओढली जाते, आणि दोष उगाच कापडाला दिला जातो.

पहिली कात्री मांजरपाटावर, नुसत्या चाचणीसाठी. मालेगावचं कोरं कापड चालेल, पण धुऊन त्याची खळ काढ. कडक कापड नसत्या सुरकुत्या दाखवतं. गुडघ्याखाली चार बोटं लांबी पुरे. सीटच्या रेषेवर पेनने आडवी रेघ मार, लांब टीप घाल, कमरेवरून इलॅस्टिक बांध आणि आरशासमोर उभी राहा. रेघ जमिनीला समांतर आणि बाजूची शिवण ओळंब्यात असली तर निम्मं काम झालं.

पुढे आसनापासून मांडीकडे मिशांसारख्या तिरप्या सुरकुत्या आल्या तर पुढचं टोक आखूड आहे; आतल्या शिवणीला तिथे अर्धा इंच वाढव आणि गुडघ्यापर्यंत शून्यावर आण. बसल्यावर मागची कंबर खाली घसरत असेल तर मागची लांबी कमी आहे. मांजरपाट सीटच्या रेघेवर मध्यशिवणीपासून बाजूपर्यंत काप, बाजूचं टोक मात्र तोडू नकोस. मध्ये जेवढी फट उघडेल तेवढी उघडू दे, खाली चिंधी लावून टाच. तीच फट मोजून कागदावर उतरव. याउलट सीटच्या खाली आडव्या घड्या पडत असतील तर तिथे कापड जास्त आहे. चिमटीत धरून टाचण्या लाव आणि तेवढं पॅटर्नमधून काढ. मागचं वळण टोचत असेल तर ते दोन-दोन सूतच खोल कर. कापलेलं परत येत नाही. आणि आसन बोचतंय म्हणून कंबर सैल करायची नाही. त्याने पॅन्ट खाली सरकते एवढंच.

कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर अडीच मीटर घे: पॅन्टची लांबी ३८, वर दोन, खाली दोन, अशा दोन लांब्या, उरलेलं आटण्यापोटी. रेयॉन कापण्याआधी धुवायचंच, पण पिळायचं नाही. ओलं असताना ते कमकुवत असतं. दोन्ही पाय वेगवेगळे शिव, एक सुलटा करून दुसऱ्यात घाल आणि आसन एका दमात शिव. त्यावर दुसरी टीप हवीच. वळणाच्या तळाशी माया छाटून कमी कर, ती उघडून इस्त्री करू नकोस, उभीच राहू दे. नेफ्याची वरची कड सीटपेक्षा एक-दोन इंच मोठी हवी, नाहीतर पॅन्ट चढणार नाही. सव्वा इंची इलॅस्टिकला दीड इंचाहून एक सूत कमी नेफा. इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी घेऊन आधी बांधून बघ. आत घातल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणीवर उभी टीप मार, म्हणजे ते आत पलटत नाही. मोहरी (पायाची खालची कड) दुमडण्याआधी पॅन्ट रात्रभर टांगून ठेव. रेयॉन तिरप्या धाग्यावर उतरतं. नेहमीची चप्पल घालूनच लांबी ठरव.

टॉपचं गणित याच्या उलट: इथे कापडच अंगाशी जुळवून घेतं, म्हणून आधी कापड तपास. आडव्या दिशेने १० सेंटिमीटरवर खुणा करून ताण. १३ पर्यंत गेलं आणि सोडल्यावर परत १० वर आलं तर लायक्राचं चांगलं कापड समज. छाती ३८ असेल तर टॉप ३६ चा चालेल. साध्या सुती होजिअरीला मात्र ३८ ते ४० ठेव, ती ताणल्यावर परत येत नाही आणि कोपरांशी पिशव्या होतात. जास्त ताण अंगाच्या आडवा यावा अशीच घडी घाल.

दोन्ही पाकिटांतल्या सुया ११ नंबरच्या आहेत. साधी रेयॉनला, बॉल पॉइंट होजिअरीला. साधी सुई विणीचे फास तोडते आणि टाके सुटतात. आजीच्या मशीनला चपट्या बाजूची सुई लागते, जुनी जशी बसवली होती तशीच बसव. त्या मशीनला झिगझॅग नाही, तेव्हा पॉलिएस्टरचा दोरा घे, वरचा ताण थोडा सैल कर आणि शिवताना कापड पुढून-मागून हलकंच ताणून धर. शिवण लाटांसारखी आली तर मशीनच्या पायाचा कापडावरचा दाब कमी कर किंवा खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेव आणि नंतर फाडून काढ. जोडसुई (एका दांड्यावर दोन सुया) आणू नकोस, सरळ टिपेच्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीला एकच छोटं भोक असतं.

खांद्याच्या शिवणीत कापडाच्या काठाची पट्टी घाल, नाहीतर बाही लोंबते. सरळ टीप गळ्याला ताणून तुटते, म्हणून गळ्याचा घेर २४ ठेव. डोकं न ताणता जाईल. गळपट्टी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे साडेवीस, अधिक जोडाला अर्धा इंच. रुंदी दीड इंच, दुमडून, दोन सुतांवर शिव. गळा आणि पट्टी दोन्हींचे चार भाग करून टाचण्या लाव. पट्टी उभी राहिली तर लांब झाली, गळ्याला चुण्या पडल्या तर आखूड. बाही खांदा शिवून झाल्यावर सपाटच जोड, मग बाहीपासून खालपर्यंत एकच टीप.

टॉप कंबरेच्या हाडापर्यंतच ठेव. एवढ्या रुंद पॅन्टवर लांब टॉप म्हणजे गाठोडं.

मांजरपाट घालून तीन फोटो पाठव: समोरून, बाजूने, मागून, हात खाली सोडून, टॉप वर खोचून. ते बघून सांगेपर्यंत रेयॉन कपाटात. दादा-वहिनीला नमस्कार, आजीला सा. न.

तुझी,
आत्या