लिथियमची तपासणी आणि हिरव्या टोपणाची ट्यूब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्त, लाळ किंवा घाम यांतील औषधाची मात्रा विद्युत-रासायनिक पद्धतीने मोजणाऱ्या छोट्या पट्ट्यांविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत नुकताच एक लेख वाचला. लेख माहितीपूर्ण होता, परंतु तो वाचून हे सारे उद्याचे तंत्र आहे, असा वाचकांचा समज होण्याचा संभव आहे. अशी एक तपासणी कित्येक वर्षांपासून रोजच्या वापरात आहे आणि माझ्या थोरल्या बंधूंची प्रकृती तिच्यावरच अवलंबून आहे, म्हणून हे पत्र. पुढील मजकूर त्यांच्या संमतीने लिहीत आहे.

बंधू जत तालुक्यात राहतात आणि चौदा वर्षांपासून लिथियमच्या गोळ्या घेतात. मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या या औषधाची रक्तातील मात्रा साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिमोल असावी लागते. ती १.५ च्या पुढे गेली की हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा इतक्या जवळजवळ असलेली औषधे थोडीच आहेत, त्यामुळे ठरावीक काळाने रक्त तपासावेच लागते. गेल्या मे महिन्यात गावाजवळच्या एका संकलन केंद्रात त्यांचे रक्त घेतले गेले, नमुना बाहेरगावी गेला आणि तिसऱ्या दिवशी अहवाल आला : २.६. आम्ही घाबरून गोळ्या थांबवल्या आणि मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला. बंधू मात्र नुकत्याच दोन भाकरी खाऊन ओसरीवर आपलेच दैनिक वाचत बसले होते. डॉक्टरांनी लक्षणे विचारली आणि मग एकच प्रश्न केला, “रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं होतं?”

ट्यूब हिरव्या टोपणाची होती. रक्त गोठू नये म्हणून अशा ट्यूबमध्ये हेपॅरिन घातलेले असते आणि पुष्कळदा ते लिथियमच्या क्षाराच्या रूपात असते. दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन, रात्री पुन्हा घेतलेल्या गोळीनंतर बारा तासांचे अंतर राखून, साध्या लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त दिले, तेव्हा आकडा आला ०.८. मधल्या काळात न घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब मात्र कोणत्याही अहवालात नाही. यंत्राने चूक केली नव्हती, ट्यूबमधला लिथियमही त्याने इमानाने मोजला होता.

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे हे मोजमाप कसे होते ते थोडे सांगणे मला आवश्यक वाटते. प्रयोगशाळेतील पीएच मीटर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर लिथियमचा इलेक्ट्रोड चालतो. त्याच्या टोकावरील पडदा लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) पसंत करतो, आणि नमुन्यातील मात्रा दहापट झाली तर विभवात (व्होल्टेजमध्ये) सुमारे ६० मिलिव्होल्टचा फरक पडतो. या हिशेबाने ०.८ आणि १.५ यांच्यात, म्हणजे निश्चिंत राहावे की रुग्णालय गाठावे एवढ्या अंतरात, जेमतेम १६ मिलिव्होल्ट असतात, आणि एका मिलिव्होल्टची चूक झाली तर उत्तर चार टक्क्यांनी चुकते. शिवाय रक्तात सोडियम असते सुमारे १४० मिलिमोल, म्हणजे लिथियमच्या दीडशेपटीहून अधिक, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते लिथियमचे सख्खे भावंड. त्या गर्दीतून लिथियम निवडणारा पडदा तयार करणे हेच यातले खरे कसब आहे, आणि उरलेली सोडियमची लुडबुड यंत्र स्वतः सोडियम मोजून वजा करते. हे सारे काही मिनिटांत उरकते. सोडियम-पोटॅशियम मोजणारी यंत्रे आता लहान गावांतही दिसतात आणि त्यांतील काहींना लिथियमचा इलेक्ट्रोड बसवता येतो. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या सरकारी रुग्णालयात तशी सोय झाली, तर दुष्काळी पट्ट्यातील रुग्णांचे तीन दिवस वाचतील. उन्हाळ्यात हे विशेष निकडीचे असते, कारण घाम, जुलाब, मीठ तोडणे किंवा दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, यांपैकी कशानेही मूत्रपिंडे लिथियम अडवून धरतात आणि रक्तातील मात्रा चढते. वारीला पायी जाणाऱ्या अशा रुग्णांनी तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

लिथियम हा आयन असल्याने हे त्यातल्या त्यात सोपे आहे. इतर औषधांचे रेणू मोजताना बहुधा विभव आपण लावतो आणि वाहणारा प्रवाह मोजतो. यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे पाऱ्याच्या गळत्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरून ही वाट उघडली आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरोघरी शुगर तपासायची पट्टीही प्रवाहच मोजते, फक्त तिथे साखरेशी गाठ घालून द्यायला विकर (एन्झाइम) असते. पॅरासिटामॉलला तेही लागत नाही, कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ते सहज इलेक्ट्रॉन देते. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते इतके आवडते, आणि म्हणूनच काही ग्लुकोमीटरमध्ये ते साखरेचा आकडा फुगवतेही.

आपल्या भागातील महाविद्यालयांत असे सेन्सर बनवण्याचे प्रकल्प होतात आणि त्यांचे मला कौतुक आहे. परंतु मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकल्पांत औषध स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, विरघळवलेले असते. तेथे आलेख टोकदार आणि देखणा येतो. खऱ्या रक्तात युरिक आम्ल आणि जीवनसत्त्व क जवळपासच्याच विभवाला इलेक्ट्रॉन देऊन मोकळी होतात आणि त्यांचे उंचवटे औषधाच्या उंचवट्यात मिसळतात. प्रथिने इलेक्ट्रोडवर सायीसारखी चढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीला प्रवाह घसरतो. नॅफिऑनसारख्या बहुलकाचा (पॉलिमरचा) ऋणभारित लेप दिल्यास पहिला त्रास कमी होतो, पण त्याचीही परीक्षा रक्तातच व्हायला हवी. शिवाय सगळी औषधे सारखी नसतात. आकडीवरच्या फेनिटॉइनची उपयोगी मात्रा मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम असते, तर हृदयरोगावरील डायगॉक्सिनची एका नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा हजारपट कमी. एकच पट्टी सगळी औषधे ओळखेल असे कोणी सांगितले, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय तर १९१९ चे. दोहोंत अंतर फार नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने बनवलेला इलेक्ट्रोड, नीतिविषयक समितीची परवानगी घेऊन, तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यांवर प्रस्थापित पद्धतीशेजारी पडताळून पाहण्याची सोय या परिसरातील संस्थांनी मिळून केली, तर विद्यार्थ्यांना बफरबाहेरचे जग दिसेल.

तोवर लिथियम घेणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना एक सूचना करतो. केवळ टोपणाच्या रंगावर विसंबू नये, कारण सोडियम हेपॅरिनच्या ट्यूबलाही हिरवेच टोपण असते. सुई टोचण्यापूर्वी ट्यूबवरचे लेबल वाचून घ्यावे. आमच्या बंधूंनी आता त्यासाठी चष्मा सोबत न्यायला सुरुवात केली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
विश्रामबाग, सांगली