ब्रदर, तुझे आभार मानायचे राहिले

प्रिय ब्रदर,

सलाम.

मागच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. वॉकर धरून उभा राहिलो, "माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं" एवढं बोललो आणि घसा दाटला. मागच्या बाकांवरच्या पोरांना वाटलं, म्हातारा पुढचं विसरला. विसरलो नव्हतो. तू तिसऱ्या बाकावर डोळे मिटून बसला होतास, नाईट करून तसाच आलेला. म्हटलं, याचं नाव घेऊन याला आता जागं कशाला करायचं? म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांदेखत. तोंडावर आभार मानले की तू "राहू दे की आजोबा" म्हणतोस आणि गाडीला किक मारतोस.

नाव लिहीत नाही. मंडळीत तू ब्रदर आणि वॉर्डातही ब्रदरच. नर्सिंगला जातोय म्हणालास तेव्हा काहीजण हसले होते, बायकांचं काम म्हणून. त्यात मीही होतो. हे आधी कबूल करून टाकतो.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. माझं वय 79. जन्म मिरजेचा, डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशनच्या दवाखान्यात. आयुष्य गेलं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, पॅटर्न करण्यात. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा पाडावा लागतो, आणि तो पाडायला लागतो लाकडी पॅटर्न. ऑइल इंजिनाचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे, कशाकशाचे पॅटर्न या हातांनी केले. ओतीव लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा ठेवायचा. डोळ्यांनी सूत ओळखायचो मी. आता सुईत दोरा जात नाही आणि चहाची बशी हातात थरथरते.

देवळात, म्हणजे चर्चमध्ये, माझी ओळख भक्तिमान म्हणून कधीच नव्हती. प्रार्थना हा हिचा प्रांत. माझ्याकडे बाकं, खिडक्यांची तावदानं, कडीकोयंडे. वर्धापनदिनाला इतिहास वाचून दाखवतात, 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापूरला आले, त्यांनी शाळा काढल्या वगैरे. बाकांचे पाय कुणी बदलले ते त्यात नसतं, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. हातात काम होतं तोवर माणूस विचारत नाही आपण कशासाठी आहोत.

ही ख्रिस्तवासी झाली त्याला चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी मी उंबऱ्याला अडखळून पडलो. खुब्याचा बॉल बदलावा लागला. डॉक्टरांना विचारलं, "धातू कुठला? कास्टिंग कुणाचं?" ते हसले. मी खरंच विचारत होतो.

घरी आल्यावर मुलानं पुण्याहून पैसे पाठवून एक माणूस ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण माझ्यासमोर बसून फोनवर सांगायचा, "पेशंटनं खाल्लं. पेशंटला संडास झाली." मी दोन हातांवर बसलेलो, आणि माझी बातमी पुण्याला चाललेली. एकदा पाणी कढत होतं. मी हात वर केला, तर म्हणाला, "काही होत नाही," आणि ओतलं. भाजलं असं नाही, पण त्या दिवसापासून मी अंघोळ टाळायला लागलो. मुलाला वाटलं, बाबा हट्टी झाले.

मग तू आलास. पाळकीणबाईंनी पाठवलं होतं की आपणहून आलास ते अजून कळलेलं नाही.

तुझी पहिली अंघोळ मला तपशिलात आठवते. प्लास्टिकची खुर्ची मोरीत ठेवलीस, हलते का ते स्वतः बसून बघितलंस. बादलीत कोपर बुडवून पाणी पाहिलंस, मग मला म्हणालास, "तुम्ही पण बघा." मी बोटं बुडवली. "घालू काय पाणी, आजोबा?" मी हो म्हटल्यावरच खांद्यावरून तांब्या ओतलास. पाठ, पाय, टाचांच्या भेगा तू धुतल्यास. मग साबण माझ्या हातात दिलास, टॉवेल मांडीवर टाकलास आणि "पुढचं तुमचं तुम्ही" म्हणून भिंतीकडं तोंड करून उभा राहिलास. भिंतीकडं बघत तांबड्या रश्श्याबद्दल बोलत होतास, कुठला आता पूर्वीसारखा राहिला नाही ते. मला दहा मिनिटं लागली. तू एकदाही "झालं काय?" विचारलं नाहीस.

त्या रात्री हिचं पवित्र शास्त्र काढलं. पेत्राचं ते प्रकरण मला ठाऊक होतं, प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. पवित्र आठवड्यात ते दरवर्षी वाचतात. मला नेहमी वाटायचं, पेत्र नम्रपणानं बोलतोय. मोरीतल्या खुर्चीवर बसल्यावर कळलं की तो नम्रपणा नव्हता, ताठा होता. दुसऱ्याचे धुवायला सोपे. आपले पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला जड जातं. त्याच योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी त्याच पेत्राला सांगितलंय की तरुणपणी तू आपली कंबर आपण बांधून पाहिजे तिथं जात होतास, म्हातारा झाल्यावर हात पुढं करशील आणि कंबर दुसराच बांधील. तिथं ते त्याच्या मरणाविषयी आहे, हे मला माहीत आहे. पण माझ्या लुंगीची गाठ तू बांधत होतास, मी दुसरं काय आठवणार?

आता मुद्द्याचं. अंघोळीबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र त्यासाठी नाही.

तेव्हा मी रोज रात्री देवाला म्हणत होतो, आता बोलाव. रडून नव्हे, शांतपणे, जसं फौंड्रीत सांगायचो की हा जॉब झाला, घेऊन जा. रंकाळ्यावर फिरायला येणारे माझे मित्र भेटायला यायचे आणि सवलती सांगायचे. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे 2022 पासून. असू दे, पण एसटीत चढायला पाय लागतो. एकानं 2007 चा कायदा समजावला, मुलं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करून पोटगी मागता येते. माझा मुलगा बघतो रे, रोज फोन करतो. पोटगीला कायदा आहे, पण "बाबा, जरा हे एवढं करून द्या" असं कुणी म्हणावं म्हणून अर्ज कुठं करायचा?

आणि एका संध्याकाळी तूच म्हणालास. ड्यूटीला निघाला होतास, दारात चप्पल घालता घालता. "आजोबा, माझं एक काम करा. सात नंबरला तीन रात्री झोप नाही. जरा प्रार्थना करा."

मी विचारलं, "सात नंबर कोण?"

"नाव सांगायचं नसतं. कॉट नंबर सात."

मला आधी राग आला. वाटलं, म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायला खुळखुळा दिला. प्रार्थना मला येतही नव्हती. रात्री उठून कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत, दूध 1 लिटरच्या खाली, पेन्सिलीनं 7 लिहिलं. मग त्या आकड्याकडं बघत म्हटलं, "प्रभू, सात नंबरला झोप दे." एवढंच. ही असती तर अर्धा तास केली असती. आणि गंमत म्हणजे मलाच झोप येईना. दोनला जाग आली, पहिला विचार, सात झोपला असेल काय?

सकाळी तू आलास तर वॉकर घेऊन दारात उभा होतो. "सात?" तू म्हणालास, "पहाटे लागला डोळा." नंतर कधीतरी तू सांगितलंस की त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःहून उठून दारापर्यंत आलो होतो. माझ्या लक्षातही नव्हतं.

तिथून कालनिर्णय भरत गेलं. 7, 12, 4. बाराला भूक लागत नव्हती. चारच्या नातेवाइकांत भांडण होतं. नाव नाही, जात नाही, आजार नाही, फक्त नंबर. तू प्रत्येकाला आधी विचारायचास, "एक आजोबा आहेत, ते तुमच्यासाठी प्रार्थना करतील, चालेल ना?" नको म्हणणाऱ्याचा नंबर मला सांगितला नाहीस. एक मारुतीभक्त होते, त्यांनी निरोप धाडला, "त्यांच्या देवाला म्हणावं, गुडघ्याचं पण बघ." ते मी जसंच्या तसं सांगितलं.

आणि नऊ नंबर. अकरा दिवस नऊ लिहिलं. बाराव्या सकाळी तू गाडी लावलीस आणि हेल्मेट काढायला वेळ लावलास, तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "बंद कर हे. माझं ऐकत नाही तो." तू वाद घातला नाहीस, शास्त्रवचन सांगितलं नाहीस. त्याबद्दलही आभार. चहा ठेवलास. म्हणालास, "मी नऊला तुमचं सांगितलेलं. त्यांनी विचारलं, मला ओळखतात काय ते? मी म्हटलं, नाही. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, पोरं येत नाहीत आणि हा कोण माणूस आहे, नंबर लिहून ठेवतो?" चहा तसाच राहिला. त्या दिवशी मी स्वतः नऊला भेटलो असतो, तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

त्या चौकटीत मी काही खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "नऊला नवीन आलेत." पेन्सिल घेतली.

शास्त्रात म्हातारी माणसं शोधायचा नाद लागलाय मला. चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना आहे, लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली, मंदिर सोडून न जाणारी. तिच्यावर उपदेश पुष्कळ ऐकले. पण माझा माणूस बर्जिल्लय. वय 80. दावीद राजा पळून महनाईमला आला तेव्हा ज्यांनी त्याला सामान पुरवलं त्यातला हा एक, आणि त्या सामानाच्या यादीत पहिल्यांदा आहेत बिछाने! नंतर राजा म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, मी तुला पोसतो. हा म्हणतो, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणं नीट ऐकू येत नाही, तुमच्यावर ओझं कशाला? यार्देन पार करून थोडं पोचवतो आणि आपल्या गावी परत जातो. मुलगा पुण्याला बोलावतो तेव्हा मी त्याला हीच गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाबा, राजाचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर नव्हता, लिफ्ट आहे आमच्याकडं." सुनेनं फोन घेतला आणि म्हणाली, "राहा तिकडंच, पण रोज नंबर कळवा, मी पण करते." आता पुण्यातही एक कालनिर्णय भरतंय.

पाळकसाहेबांना वाटतं, मी याची साक्ष द्यावी. साक्ष देण्यासारखं काय आहे? कितीजण बरे झाले ते मला माहीत नाही. मोजलं नाही. एवढं माहीत आहे की रात्री आठला माझी ड्यूटी असते, आणि तिला उशीर झालेला मला चालत नाही. दाढीही आता एक दिवसाआड करतो. ज्याच्या प्रार्थनेच्या भरवशावर कुणी झोपायला बघतंय त्यानं गबाळं राहू नये असं आपलं मला वाटतं.

आखातात जायचा तुझा विचार आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. जा. पगार चांगला आहे, तुझ्या बहिणीचं लग्न आहे. मी अडवणार नाही, आणि त्यासाठीही एक चौकट भरलीय. तिथल्या कॉटचे नंबर व्हॉट्सॲपवर धाड. तिकडची वेळ दीड ते अडीच तास मागं असते म्हणतात, तेवढं मी जुळवून घेईन.

आज रात्री तुझी नाईट आहे. नंबर आठच्या आत कळव, नंतर माझा डोळा लागतो. चारच्या नातेवाइकांचं काय झालं ते तू परवापासून सांगितलेलं नाहीस. आणि माझे दोन स्टीलचे डबे तुझ्याकडं आहेत. त्यातला झाकण घट्ट बसणारा हिचा आहे, तो आधी आण.

तुझा,
आजोबा